दुष्काळातला टोमॅटो आणि पाण्यावरचे उपचार

मंगळवेढ्याचे पीक ज्वारी. शहराभोवतीच्या काळ्या रानात सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरलेली मालदांडी पुढे पावसाचा फारसा आधार न घेता हुरड्यावर येते. 2016 मध्ये या ज्वारीला भौगोलिक मानांकनही मिळाले. तिला हे साधते, कारण तिचे पाणी जमिनीच्या पोटात असते. पावसाळ्यात खोल काळ्या मातीने धरलेली ओल तिची मुळे हळूहळू वर आणतात. टोमॅटोचे सगळे उलटे. त्याला पाणी थोडे पण नियमित लागते. फुलोऱ्यात ताण बसला की फुलगळ होते, ताणानंतर एकदम भरपूर पाणी मिळाले की फळ तडकते, आणि पाणी कमी-जास्त होत राहिले की फळापर्यंत कॅल्शियम पोचत नाही, फळाचे खालचे टोक काळे पडून सडते. साधारण पाचशे मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या आणि तोही बेभरवशाचा असणाऱ्या तालुक्यात हे पीक पाहुणेच म्हणायचे.

तरी ते होते. विहिरीवर, बोअरवर, शेततळ्यावर, जिथे उजनीचे किंवा म्हैसाळ योजनेचे पाणी पोचते तिथे कालव्यावर, अर्धा-एक एकर. ज्वारीने घरची कणगी भरते, टोमॅटोने हातात रोख पैसा येतो किंवा असलेला जातो. जुलै 2023 मध्ये टोमॅटो किलोला शंभरीपार गेला होता आणि त्याच वर्षी सप्टेंबरात महाराष्ट्रातले शेतकरी तो रस्त्यावर ओतत होते. अशा जुगारी पिकात पाणी ऐन वेळी कमी पडणे म्हणजे बियाणे, रोपे, बांबू, तार, औषधे हा सगळा खर्च आधीच होऊन गेल्यावर डाव हातचा जाणे. म्हणूनच 'आहे तेच पाणी थोडी प्रक्रिया करून द्या, पीक ताण सोसेल' असे कुणी म्हटले की शेतकरी थांबून ऐकतो.

असे म्हणणारे आता पुष्कळ आहेत. कृषी प्रदर्शनात पाइपाला बसवायची चुंबकीय यंत्रे मिळतात, ठिबकातून सोडायची जिवाणूंची द्रावणे मिळतात, पाण्यात हवेचे सूक्ष्म बुडबुडे सोडणारी उपकरणे आली आहेत. दुसरीकडे जपान, इस्रायल, ऑस्ट्रेलिया, इजिप्त इथल्या प्रयोगशाळांतून पाण्यात काय मिसळले असता रोप दुष्काळ सोसते यावर शोधनिबंध निघत आहेत. या सगळ्यात मंगळवेढ्याच्या टोमॅटोवाल्याच्या कामाचे किती, हा इथला प्रश्न.

आधी पाण्याचा साधा हिशेब मांडू. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या अंदाजाप्रमाणे लागवडीनंतर 90 ते 120 दिवसांच्या टोमॅटोला 400 ते 600 मिलिमीटर पाणी लागते. एकराला हे 16 ते 24 लाख लिटर होते. दहा हजार लिटरच्या टँकरने मोजले तर किमान 160 टँकर. म्हणजे एखाद्या प्रक्रियेने खरोखर दहा टक्के पाणी वाचले, तरी उरलेले नव्वद टक्के कुठून तरी आणावेच लागते. जाहिरातीत हा हिशेब नसतो.

दुसरा हिशेब क्षारांचा, आणि तो मंगळवेढ्यासारख्या भागात जास्त महत्त्वाचा. दुष्काळात पाणी नुसते कमी होत नाही, ते वाईटही होते. विहीर आटली की बोअर खोल जाते आणि खोलातले पाणी बहुधा अधिक खारट असते. शेततळ्याचेही तेच. उन्हाळ्यात तळ्यातून दिवसाला आठ-दहा मिलिमीटर पाणी उडून जाते. पाणी उडते, क्षार तळ्यातच राहतात. 'मागेल त्याला शेततळे' योजनेतून 2016 नंतर तळी भरपूर झाली, पण डिसेंबरात भरलेल्या आणि एप्रिलमध्ये उरलेल्या पाण्याची खारटपणाच्या दृष्टीने तुलना सहसा कुणी करत नाही. पाण्याची विद्युतवाहकता मीटरला 2 डेसिसायमन असेल, तर लिटरमागे सव्वा ग्रॅमहून जास्त क्षार असतात. असे 16 लाख लिटर पाणी एकराला दिले की एका हंगामात सुमारे दोन टन क्षार आपण रानात ओतलेले असतात. पुढच्या पावसाने ते धुऊन नेले तर ठीक. दुष्काळात तो पाऊसच येत नाही.

टोमॅटो क्षार काही प्रमाणात सोसतो. मातीची वाहकता 2.5 च्या पुढे गेली की मात्र प्रत्येक एककामागे उत्पन्न सुमारे दहा टक्क्यांनी घसरते, असे जुने आणि बऱ्यापैकी पक्के आकडे आहेत. खारट मातीत पाणी असूनही मुळांना ते ओढता येत नाही, म्हणून पीक दुष्काळात असल्यासारखेच वागते. पाणी दिले तरी दुपारी माना टाकणारे झाड दिसले की आपण आणखी पाणी देतो, म्हणजे आणखी क्षार देतो. 'ताण' नावाच्या एकाच लक्षणामागे इथे दोन वेगळी दुखणी आहेत, पाण्याचा तुटवडा आणि पाण्याचा दोष. प्रक्रियेने दुसऱ्यावर बराच इलाज होतो, पहिल्यावर फार थोडा. पुढची सगळी चर्चा मी या फरकावर तोलून पाहतो.

दोषावरचे इलाज जुने आहेत, स्वस्त आहेत आणि म्हणून त्यांची जाहिरात कमी होते. पाण्यात बायकार्बोनेट जास्त असले की सामू वाढतो, ड्रिपरच्या तोंडाशी पांढरा चुना साचतो, आणि लोह, जस्त, स्फुरद मातीत असूनही पिकाला मिळत नाहीत. इथे आम्ल प्रक्रिया चालते. हिशेब रसायनशास्त्राच्या पहिल्या वर्षाचा आहे: हजार लिटर पाण्यातले लिटरमागे एक मिलिइक्विव्हॅलंट बायकार्बोनेट घालवायला तीव्र सल्फ्युरिक आम्ल सुमारे 27 मिली लागते. आम्ल नेहमी पाण्यात ओतायचे, पाणी आम्लात कधीही नाही. हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय बाटलीला हात लावू नये. ठिबकच्या नळ्या साफ करायला सामू चारच्या आसपास आणून पाणी नळ्यांत मुरत ठेवतात आणि मग नळ्या धुऊन काढतात, ही पद्धत आपल्याकडच्या ठिबकवाल्यांना माहीत आहे. दुष्काळात तिचे मोल दुप्पट होते. निम्मे ड्रिपर तुंबलेले असतील तर ओळीतली काही झाडे बुडतात आणि काही वाळतात, आणि आपण म्हणतो पाणी कमी पडले.

सोडियमचे दुखणे वेगळे. काळ्या मातीत सोडियम वाढला की ती चोपण होते. भिजली की लिबलिबीत, वाळली की दगड. पाणी आत मुरतच नाही. त्यावर जिप्सम. पाण्यातल्या शिल्लक सोडियम कार्बोनेटच्या लिटरमागच्या प्रत्येक मिलिइक्विव्हॅलंटसाठी दहा लाख लिटरला 86 किलो शुद्ध जिप्सम, असा त्याचा हिशेब बसतो. ही शिल्लक अडीचच्या वर गेली की ते पाणी शेतीला अयोग्य धरतात. आम्ल आणि जिप्सम दोन्हींची एक मर्यादा लक्षात ठेवावी: त्यांनी एकूण क्षार कमी होत नाहीत, क्षारांचा स्वभाव बदलतो. खारट पाणी गोड करायचे असेल तर उलट परासरणाचे यंत्रच हवे, आणि ते एकरभर टोमॅटोला परवडत नाही. शिवाय त्यातून निघणारे अतिखारट पाणी टाकायचे कुठे, हा प्रश्न उरतोच.

आता चुंबक. पाइपाला चुंबक लावले की पाण्याचे 'रेणू लहान होतात' आणि मुळांत सहज शिरतात, असे विक्रेते सांगतात. भौतिकशास्त्राला हे मान्य नाही. पाण्याच्या रेणूंमधले बंध क्षणाच्या अब्जांशाहूनही कमी काळात तुटत-जुळत असतात. चुंबकातून बाहेर पडल्यावर ते काही लक्षात ठेवत नाहीत. पण विषय इथेच सोडून देणेही बरोबर नाही, कारण काही प्रयोगांत फरक दिसला आहे. ऑस्ट्रेलियातल्या महेश्वरी आणि ग्रेवाल यांनी 2009 मध्ये भाज्यांवरचा अभ्यास छापला. सेलरीचे उत्पन्न पुनर्वापराच्या पाण्यावर 12 टक्के आणि खारट पाण्यावर 23 टक्के वाढले. स्नो पी या वाटाण्याच्या जातीत सहा ते आठ टक्के वाढले. साध्या वाटाण्यात काहीच फरक पडला नाही. इजिप्तमध्ये 2011 मध्ये दुष्काळाचा ताण दिलेल्या टोमॅटोवर चुंबकीय प्रक्रियेचा अनुकूल परिणाम नोंदवला गेला. म्हणजे कधी फरक पडतो, कधी नाही, आणि का पडतो ते समाधानकारकपणे कुणी सांगू शकलेले नाही. चुन्याच्या स्फटिकांवर चुंबकाचा परिणाम होऊ शकतो, तेवढे तरी पटण्यासारखे आहे. मग दुष्काळाचे नाव न घेता ड्रिपर कमी तुंबण्यासाठी म्हणून ते विकावे! एक साधी परीक्षा कुणालाही करता येते. यंत्राच्या आधीचे आणि नंतरचे पाणी वाहकतामापकाने मोजावे. आकडा तोच येतो. क्षार जिथे होते तिथेच असतात.

हवेचा विषय मला जास्त गंभीर वाटतो, आणि तो नेमका आपल्या मातीचा आहे. शेतकरी वाफसा म्हणतात ती अवस्था म्हणजे मातीच्या पोकळ्यांत पाणी आणि हवा दोन्ही असणे. भारी काळ्या रानात ठिबक रोज चालू ठेवले की ड्रिपरखालचा गोळा सतत चिंब राहतो; दोन ओळींमधली जमीन भेगाळलेली आणि मुळांभोवती मात्र चिखल. दुष्काळात पाणी मोजून देत असतानाही मुळे गुदमरतात, हे ऐकायला विचित्र वाटते, पण भारी जमिनीत ते घडते. गुदमरलेले मूळ पाणी ओढू शकत नाही. ऑस्ट्रेलियातल्या सेंट्रल क्वीन्सलँड विद्यापीठात भट्टराई, मिडमोर आणि सहकाऱ्यांनी जमिनीखालच्या ठिबकाच्या पाण्यात हवा मिसळून बरेच प्रयोग केले. त्यांच्या 2006 च्या निबंधाचा विषयच भारी चिकणमातीतला आणि खारट मातीतला टोमॅटो होता, आणि दोन्हीकडे उत्पन्न व पाण्याचा कार्यक्षम वापर सुधारला. यंत्रणाही अवघड नाही. खत सोडायला वापरतो ती व्हेंचुरी हवा ओढायलाही लावता येते. पंपाचा दाब पुरेसा हवा, आणि लांब लॅटरलच्या शेवटापर्यंत हवा नीट पोचत नाही, या अडचणी आहेत. तरी मोहोळच्या कृषी विज्ञान केंद्राने किंवा सोलापूरच्या कोरडवाहू संशोधन केंद्राने काळ्या रानात दोन हंगाम तपासून पाहण्याजोगी ही गोष्ट आहे. ज्यांना महागडे उपकरण नको त्यांनी रोजच्या ऐवजी एक दिवसाआड पाणी देऊन गोळ्याला वाफसा येऊ द्यावा. यातला निम्मा फायदा फुकट मिळेल, असा माझा अंदाज आहे.

जिवाणूंची कथा रंजक आहे. झाडाला ताण बसला की त्यात इथिलीन हे संप्रेरक वाढते, मुळांची वाढ थांबते, पाने-फुले गळतात. काही जिवाणू मुळांपाशी राहून इथिलीन ज्यापासून बनते तो पदार्थच खाऊन टाकतात. मायक, तिरोश आणि ग्लिक यांनी 2004 मध्ये इस्रायलच्या अरावा वाळवंटी पट्ट्यातून मिळवलेला असा एक जिवाणू टोमॅटो आणि मिरचीच्या रोपांना दिला, तेव्हा ती पाण्याचा ताण जास्त चांगली सोसू लागली. तमिळनाडू कृषी विद्यापीठानेही ताणासाठी गुलाबी रंगाचे मिथाइलोबॅक्टेरियम फवारणीकरिता दिले आहे. कल्पना पक्की आहे, कच्ची आहे ती बाटली. दुकानात उन्हात पडलेल्या बाटलीत जिवंत जिवाणू किती उरले, हे झाकण उघडून कळत नाही. आणि आज आम्ल किंवा क्लोरीन सोडून उद्या त्याच नळीतून जिवाणू सोडणारे कमी नाहीत. जीवामृत आणि स्लरी देणाऱ्यांनाही हीच सूचना, शिवाय गाळणीची.

सगळ्यात नवे संशोधन जपानच्या रिकेन संस्थेतून आले आहे आणि ते स्वयंपाकघर व दारूभट्टी यांच्या सीमेवरचे आहे. तिथल्या मोतोआकी सेकी यांच्या गटाने 2017 मध्ये दाखवले की मुळांना सौम्य अ‍ॅसेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरातला मुख्य घटक, आधी दिले तर भात, गहू, मका अशा पिकांची रोपे नंतरचा दुष्काळ जास्त सोसतात. झाडाची संरक्षक यंत्रणा आधीच जागी होते. 2022 मध्ये याच दिशेने इथेनॉलचे प्रयोग छापून आले. पाण्यातून दिलेल्या इथेनॉलने पर्णरंध्रे मिटली, पाणी उडणे घटले, आणि झाडाने त्यातला कार्बन वापरून साखर बनवली. टोमॅटोवरही उष्णतेच्या ताणाबाबत या गटाने आशादायक निष्कर्ष मांडले आहेत.

यावर सोलापूर जिल्ह्यात कुणाचेही डोळे चमकतील. ऊस आपला, कारखाने आपले, इथेनॉलचे प्रकल्प आपले! पण थोडा हिशेब. लिटरला दहा मिलिमोल ही हलकी मात्रा धरली, तरी एकराला पाच मिलिमीटरच्या एका पाण्यात, म्हणजे वीस हजार लिटरमध्ये, सुमारे साडेअकरा लिटर शुद्ध इथेनॉल लागेल. ते उत्पादन शुल्क खात्याच्या परवान्याशिवाय मिळत नाही, आणि आपल्या मातीतले जिवाणू त्यातले किती आधीच फस्त करतील हे कुंडीतल्या प्रयोगावरून कळत नाही. कुणी याला पर्याय म्हणून आसवनीचे मळीयुक्त सांडपाणी ओतू नये. त्यात क्षार आणि पालाश इतके असते की आधीच खारट पाण्यावर जगणारे रान बिघडेल. व्हिनेगरही अंदाजाने देऊ नये, मात्रा चुकली की मुळे भाजतात.

या सगळ्या प्रयोगांवर एक सरसकट आक्षेप आहे. कुंडीतला दुष्काळ आणि रानातला दुष्काळ एक नसतात. कुंडी चार दिवसांत सुकते, मुळांना खाली जायला जागा नसते, म्हणून रंध्रे मिटण्याचा फायदा लगेच दिसतो. रानात ताण आठवडेच्या आठवडे चालतो. दुसरे, प्रयोगशाळा बहुधा मोजते ती ताणानंतर पाणी दिल्यावर किती रोपे जगली याची टक्केवारी. शेतकरी क्रेट मोजतो. रंध्रे मिटली की पाणी वाचते, तसा हवेतला कार्बनही आत येत नाही. झाड जगते, पण फळ धरत नाही. पुढचे आवर्तन आठ-दहा दिवसांनी नक्की येणार असेल तर हा सौदा फायद्याचा. पाणी येणारच नसेल तर झाड आठवडाभर जास्त जगवून काही मिळत नाही.

प्रक्रियेचा आणखी एक अर्थ आहे, शहरांच्या सांडपाण्यावरची प्रक्रिया. पाण्याचा साठा खरोखर वाढवणारी ही एकच. इस्रायल आपल्या सांडपाण्यातले जवळपास नव्वद टक्के पाणी शेतीला देतो. आपल्याकडे पुणे महापालिका मुंढव्याच्या जॅकवेलमधून बेबी कालव्यात असे पाणी सोडते, ते दौंड-इंदापूरकडे जाते, आणि ते पुरेसे शुद्ध नसते ही तिथल्या शेतकऱ्यांची तक्रार जुनी आहे. मंगळवेढ्याचा यात संबंध उघड आहे. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे उरलेले सांडपाणी नद्यांतून भीमेत आणि उजनीत येते, आणि उजनीच्या कालव्यावर टोमॅटो लावणारा नकळत तेच वापरतो. त्यात नत्र असते, म्हणून पाला माजतो आणि फळ उशिरा धरते. क्षारही वाढलेले असतात. टोमॅटो कच्चा खाल्ला जातो, तेव्हा असे पाणी मल्चिंगखालच्या ठिबकानेच द्यावे, फळाला लागू देऊ नये. पण शुद्धीकरणाची जबाबदारी शेतकऱ्याच्या गाळणीवर नाही, वरच्या शहरांवर आहे. तालुक्याच्या दक्षिणेकडच्या भोसे, नंदेश्वर भागातल्या गावांनी पाण्यासाठी मतदानावर बहिष्काराचे आणि कर्नाटकात जाण्याचे इशारे दिले, तेव्हा कुठे 24 गावांची मंगळवेढा उपसा सिंचन योजना पुढे सरकली. वरची शहरे सांडपाणी नीट शुद्ध करून सोडतील तर खालच्या तालुक्यांच्या वाट्याला दर्जाचे पाणी येईल, ही मागणीही तेवढ्याच जोराने व्हायला हवी.

राहिल्या त्या गोष्टी ज्यांना कुणी प्रक्रिया म्हणत नाही, पण ज्या सगळ्या यंत्रांना मागे टाकतात. मल्चिंग पेपर किंवा उसाचे पाचट. शेततळ्यावर सावली. लागवड झाल्यावर लगेच आणि फुलोऱ्यापासून फळ फुगेपर्यंत पाणी अजिबात न तोडणे, आणि काटकसर करायचीच तर फळे रंगू लागल्यावर करणे. त्याने फळात गोडीही वाढते. बंगळूरच्या बागवानी संशोधन संस्थेचे अर्का विकास आणि अर्का मेघाली हे वाण ओलाव्याचा ताण सोसतात असे संस्था सांगते. बाजाराला चालतात का ते आडत्याला विचारूनच लावावेत. वांग्याच्या खुंटावर कलम केलेली टोमॅटोची रोपेही आता मिळतात. सोलापुरात 1933 पासून कोरडवाहू शेतीवर संशोधन चालू आहे आणि त्याचा सगळा भर पाणी धरून ठेवण्यावर राहिला आहे, हे उगाच नाही.

माझा निवाडा असा. आम्ल, जिप्सम आणि गाळणी यांवर पैसे खर्च करावेत, पण पाण्याचा तपासणी अहवाल हातात आल्यावर. हवा भारी काळ्या रानात करून पाहावी. जिवाणू ताजे आणि खात्रीचे मिळाले तर कमी खर्चात द्यावेत. इथेनॉल आणि अ‍ॅसेटिक आम्लाची रानातल्या चाचण्यांपर्यंत वाट पाहावी. चुंबकाला आधी पैसे देऊ नयेत. विक्रेता आलाच तर त्याला सांगा, एकाच दिवशी लावलेल्या रोपांच्या निम्म्या ओळींना यंत्र जोडून दे, उरलेल्या तशाच ठेव, पाणी दोन्हीकडे मीटरने सारखे जाऊ दे, आणि शेवटच्या तोड्यापर्यंतचे क्रेट वेगवेगळे मोजून झाल्यावर बिल आण. आणि मोहोळ किंवा खेडच्या कृषी विज्ञान केंद्रात पाण्याचा नमुना एकदा नव्हे, दोनदा द्या: एक विहीर भरलेली असताना, एक एप्रिलमध्ये.